नशिबाची भाषा आणि बाबासाहेब

भांडवलदार केवळ पैशाच्या जोरावर टिकत नाही. त्याची मालकी न्याय्य आहे, हे कामगारालाच पटावे लागते. युरोपातील काही प्रोटेस्टंट पंथांत धंद्यातील यश ही ईश्वरी कृपेची खूण मानली गेली, असे जर्मन विचारवंत मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये मांडले. आपल्याकडे हेच काम कर्मसिद्धांताने केले. श्रीमंती हे पूर्वजन्मीचे पुण्य आणि गरिबी हे पाप ठरले. ही लबाडी बाबासाहेबांनी आयुष्यभर उघडी पाडली.

१८९१ मध्ये महू येथे जन्मलेले बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्र शिकले. पण मुंबईत परळच्या चाळीत ते गिरणी कामगारांमध्येच राहिले. गिरण्यांच्या विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. तेथे धागा तोंडाने ओला करावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना मज्जाव होता. हा विटाळ सवर्ण कामगार पाळत आणि फावत होते मालकाचे. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा सिद्धांत बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडला. त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारविरोधी विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांसोबत उतरले. १९४२ ते १९४६ मजूरमंत्रिपद सांभाळले. १९४७ मध्ये मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, अशी मागणी त्यांनी राज्यघटनेसाठी केली.

१९५४ मध्ये आमच्या भंडाऱ्यातून ते लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. ही सल आम्ही विसरलेलो नाही. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्म दिला. पूर्वजन्मीच्या कर्माला त्या धम्मात जागाच ठेवली नाही. धर्मांतराने अन्यायी मालकीचा नैतिक आधारच काढून घेतला, असे आम्ही मानतो.

आज सिहोऱ्याच्या परिसरात धानाची रोवणी करणारी बाई, बिडी वळणारी माय, तुमसर तालुक्यातील मँगनीज खाणीत राबणारा मजूर यांना पूर्वजन्म कमी ऐकवला जातो. आता ऐकवले जाते ते मेरिट. ज्याच्याकडे आहे तो लायक, ज्याच्याकडे नाही तो आळशी. शब्द बदलले, हिशेब तोच. पूर्वजन्म नाकारणाऱ्या आम्ही या नव्या नशिबापुढे मान तुकवायची काय? सहा डिसेंबरला मेणबत्ती लावताना आपण प्रत्येकाने याचे उत्तर स्वतःला द्यावे.