हाईम सॅम्युएल केहिमकर

हाईम सॅम्युएल केहिमकर (१८३० – १९०९) हे मुंबईतील बेने इस्रायल समाजाचे इतिहासकार, शिक्षणप्रसारक व समाजसेवक होते. महाराष्ट्रातील मराठी भाषक ज्यूंचा पहिला विस्तृत इतिहास त्यांनी लिहिला. मुंबईतील इस्रायली शाळेच्या संस्थापकांत त्यांचे स्थान प्रमुख होते. बेने इस्रायल हे खरोखर ज्यू आहेत काय, असा प्रश्न एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनरी, बगदादी ज्यू आणि युरोपीय अभ्यासक यांच्यापुढे वारंवार येत असे. समाजाच्या स्वतःच्या स्मृती, रूढी व विधी यांच्या आधारे या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न प्रथम केहिमकरांनी केला.

== पार्श्वभूमी ==

केहिमकर हे आडनाव अलिबागजवळच्या किहीम या गावावरून आले आहे. बेने इस्रायल समाजाची वस्ती अनेक शतके कुलाबा (सध्याचा रायगड) जिल्हा व त्याच्या आसपासच्या किनारपट्टीत विखुरलेली होती. त्यामुळे दिवेकर, राजपूरकर, पेणकर, चेऊलकर, झिराटकर अशी गावांवरून पडलेली आडनावे या समाजात सर्वत्र आढळतात. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, ते घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. हिंदू तेली सोमवारी काम बंद ठेवीत व ते 'सोमवार तेली' म्हणून ओळखले जात. गावगाड्यातील लोकांच्या दृष्टीने हा भेद दोन पोटजातींमधला होता.

या समाजाची घरची भाषा मराठी होती. पोशाख, दागिने व लग्नातील अनेक चाली कोकणातील इतर समाजांसारख्याच होत्या. हिब्रू नावांनाही मराठी वळण मिळाले होते. सॅम्युएलचे सामाजी, एझिकेलचे हसाजी, अब्राहमचे आबाजी अशी रूपे रूढ होती. विधवांचा पुनर्विवाह टाळला जाई आणि गोमांस वर्ज्य मानले जाई. मात्र मुलग्याची आठव्या दिवशी सुंता करणे, शब्बाथ पाळणे, पर व खवले नसलेले मासे न खाणे आणि प्रत्येक विधीच्या वेळी 'शेमा' ही प्रार्थना म्हणणे या गोष्टी त्यांनी सोडल्या नव्हत्या. धर्मग्रंथ व हिब्रू भाषेचे ज्ञान लोप पावल्यानंतरही या चाली टिकून राहिल्या.

अठराव्या शतकात या समाजातील अनेक कुटुंबे मुंबईत आली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या देशी पलटणींत भरती झाली. त्यांपैकीच एक अधिकारी सॅम्युएल एझिकेल (सामाजी हसाजी) दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईतील पहिले सिनेगॉग 'शआर हाराहमीम' उभारले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनी काढलेल्या शाळांमधून बेने इस्रायल मुलांना मराठी व इंग्रजीबरोबरच हिब्रूचेही शिक्षण मिळू लागले. मुंबईत दीर्घकाळ राहिलेले जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण तयार केले होते. या शाळांचा अंतिम हेतू धर्मांतर हा असला, तरी फार थोड्या बेने इस्रायलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. उलट, मूळ भाषेतील धर्मग्रंथ वाचता येऊ लागल्यामुळे हा समाज आपल्या ज्यू परंपरेशी अधिक जवळून जोडला गेला. केहिमकरांची पिढी याच वातावरणात वाढली.

== ओळखीविषयीचा वाद ==

१८३० च्या दशकात डेव्हिड ससून हे व्यापारी मुंबईत स्थायिक झाले आणि त्यांच्या पाठोपाठ बगदाद, बसरा आदी शहरांतून अनेक ज्यू कुटुंबे आली. आरंभी त्यांनी बेने इस्रायलांच्याच सिनेगॉगचा व दफनभूमीचा उपयोग केला. पुढे त्यांची संख्या व संपत्ती वाढली आणि दोन समाजांत अंतर पडले. दफनभूमीत दोन्ही समाजांच्या थडग्यांमध्ये भिंत घालावी, अशी मागणीही बगदादी मंडळींनी केली होती.

या दुराव्यामागे धार्मिक आक्षेप होते. घटस्फोटाचा रीतसर लेखी विधी आणि निपुत्रिक विधवेला दिराच्या बंधनातून मुक्त करणारा 'हलिझा' विधी बेने इस्रायलांना परंपरेने ठाऊक नव्हता. त्यामुळे त्यांच्या वंशशुद्धतेविषयी शंका घेतली जाई. अशा प्रकारे कोकणातील शेजाऱ्यांच्या दृष्टीने जी एक जात होती, ती परदेशातून आलेल्या धर्मबंधूंच्या दृष्टीने संशयित ठरली. शाळा, सिनेगॉग, विवाह व दफन या सर्व ठिकाणी या प्रश्नाचे प्रत्यक्ष परिणाम होत होते.

== शैक्षणिक कार्य ==

१८५३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, केहिमकरांनी आपले बंधू व मित्र यांच्या साहाय्याने समाजात शिक्षणाचा प्रसार करणारी एक हितकारी संस्था स्थापन केली. समाजातील बहुसंख्य कुटुंबे सैनिक, कारागीर व कारकून यांची होती. त्यांच्या मुलांना मिशनऱ्यांवर अवलंबून न राहता शिक्षण मिळावे, असा या प्रयत्नांचा रोख होता.

या प्रयत्नांतून १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू झाली. तेथे मराठी व इंग्रजी या विषयांसोबत हिब्रू भाषा व ज्यू धर्माचे शिक्षण दिले जाई. लंडनमधील अँग्लो-ज्यूइश असोसिएशन या संस्थेने शाळेला आर्थिक साहाय्य केले. हे साहाय्य मिळण्यासाठी बेने इस्रायल कोण आहेत, हे इंग्लंडमधील ज्यूंना समजावून सांगणे आवश्यक होते. १८९२ मध्ये केहिमकरांनी समाजाच्या इतिहासाची इंग्रजी रूपरेषा प्रसिद्ध केली. तिच्या शीर्षकातच शिक्षणासाठी मदतीचे आवाहन जोडलेले होते. त्यांच्या कार्यात इतिहासलेखन व शाळा या दोन गोष्टी आरंभापासून एकमेकींशी निगडित राहिल्या. ही शाळा पुढे माझगाव येथे सर एली कदूरी यांच्या नावाने प्रसिद्ध झाली.

याच काळात जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४ – १९०५) हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे करीत होते. राजपूरकरांनी समाजाला धर्मग्रंथ मराठीत उपलब्ध करून दिले, तर केहिमकरांनी समाजाचा इतिहास ग्रंथबद्ध केला.

== इतिहासग्रंथ ==

केहिमकरांनी भारतातील बेने इस्रायलांचा इंग्रजी इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. मात्र त्यांच्या हयातीत तो प्रसिद्ध झाला नाही. १९०९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि हस्तलिखित अप्रकाशित राहिले. १९३६ मध्ये झायोनवादी चळवळीचे प्रतिनिधी म्हणून भारतात आलेले इमॅन्युएल ओल्सवांगर यांनी त्याचे संपादन केले आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे ग्रंथ प्रकाशित झाला. संस्कृतचे जाणकार असलेल्या ओल्सवांगर यांनी पुढे भगवद्गीतेचा हिब्रू अनुवादही केला.

=== उगमाची परंपरा ===

समाजात मौखिक रूपाने चालत आलेली उगमकथा केहिमकरांनी ग्रंथात नोंदवली. तिच्यानुसार बेने इस्रायलांचे पूर्वज समुद्रमार्गे येत असता अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ त्यांचे जहाज फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि बुडालेल्यांना नवगाव येथे पुरण्यात आले. केहिमकरांच्या मते हे लोक गॅलिलीतून निघाले होते. सीरियाचा राजा अँटिओकस एपिफनीस याच्या छळाच्या काळात, म्हणजे इ.स.पू. १७५ च्या सुमारास, त्यांनी देश सोडला असावा. त्यानंतर घडलेल्या घटनेच्या स्मरणार्थ सुरू झालेला हनुक्का हा सण बेने इस्रायलांना परंपरेने माहीत नव्हता, ही गोष्ट या मताला पूरक मानली जाते.

डेव्हिड रहाबी या परदेशी ज्यू पंडिताची कथाही परंपरेत महत्त्वाची आहे. त्याने येथील स्त्रियांना निरनिराळे मासे रांधण्यास दिले. त्यांनी पर व खवले नसलेले मासे बाजूला काढले, तेव्हा हे लोक ज्यू असल्याची त्याची खात्री पटली. त्याने तिघा तरुणांना धर्मशिक्षण दिले आणि त्यांच्या घराण्यांकडे काजीपद आले. केहिमकरांनी रहाबीचा काळ सुमारे इ.स. १००० असा मानला. पुढील काही अभ्यासकांनी मात्र त्याचा संबंध अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडला आहे.

=== चालीरीतींची नोंद ===

सणांच्या मराठी नावांची नोंद हा या ग्रंथातील महत्त्वाचा भाग आहे. ज्यू नववर्षाला 'नव्याचा सण', योम किप्पुरला 'दारफळणीचा सण', पुरीमला 'होळीचा सण' आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणदिनाला 'बिरड्याचा सण' अशी नावे होती. सणांची हिब्रू नावे विस्मरणात गेली, तरी ते पाळण्याची प्रथा कायम राहिली होती. यांखेरीज विवाह, जन्म व मृत्यू यांचे विधी, आडनावे, समाजातील 'गोरा' व 'काळा' हे भेद आणि कंपनीच्या सैन्यातील अधिकाऱ्यांची माहितीही ग्रंथात आहे.

== मूल्यमापन ==

केहिमकरांच्या उगमविषयक निष्कर्षांना समकालीन लेखी पुराव्याचा आधार नाही. जहाज फुटण्याच्या कथेचे चित्पावनांच्या उगमकथेशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. गोरा-काळा भेदाचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरणही त्या काळच्या जातिविषयक कल्पनांतून सुटलेले नाही. तथापि, एकोणिसाव्या शतकातील समाजजीवनाचे साधन म्हणून या ग्रंथाचे मूल्य मोठे आहे. आधुनिक शिक्षण व स्थलांतर यांमुळे लोप पावत असलेल्या अनेक चाली त्यांनी समाजातील एक जाणता सदस्य म्हणून नोंदवून ठेवल्या.

== नंतरचा काळ ==

इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी बेने इस्रायलांची संख्या सुमारे २० हजार होती. पुढील दशकांत त्यांतील बहुसंख्य तेथे स्थलांतरित झाले. तेथेही जुना वाद उद्भवला. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने इतर ज्यूंशी विवाह करू इच्छिणाऱ्या बेने इस्रायलांच्या वंशाची चौकशी करण्याचे आदेश दिले. त्याविरुद्ध समाजाने तीव्र आंदोलन केले. अखेर १९६४ मध्ये, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे ज्यू आहेत, अशी भूमिका इस्रायल सरकारने जाहीर केली.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांच्या वंशात ज्यू व भारतीय असे दोन्ही घटक आढळले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने राज्यातील ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. केहिमकरांनी वर्णिलेल्या प्रथांपैकी प्रेषित एलियाहू यांच्या नावाने पोहे, नारळ व फळे यांचा 'मलिदा' करण्याची प्रथा महाराष्ट्रात तसेच इस्रायलमधील बेने इस्रायल कुटुंबांत आजही पाळली जाते.