सांधा न दिसू देणारा एशर

मोबाइलवर एखादा रेट्रो गेम खेळताना पायाखालचं गवत कधी नीट पाहिलंय? ते अख्खं मैदान कुणी काढलेलं नसतं. १६ बाय १६ पिक्सेलचा एखादा चौकोन असतो, तोच शेजारी शेजारी मांडलेला. खरी कसोटी कडेला असते. उजव्या कडेला तुटलेलं पातं डाव्या कडेवर पुरं व्हायला हवं, खालचं वरच्या कडेवर. नाहीतर सांधे उघडे पडतात आणि मैदानाची फरशी होते. पिक्सेल आर्टवाल्यांना छळणारा हा प्रश्न एम. सी. एशर नावाचा डच चित्रकार आयुष्यभर कागद-पेन्सिल घेऊन सोडवत बसला होता.

१८९८चा जन्म. शाळेत यथातथाच, गणिताशी तर वाकडंच. शेवटच्या परीक्षेत गडी चक्क नापास. मग आर्किटेक्चर शिकायला हार्लेमला गेला. तिथे दे मेस्किता सरांनी त्याची चित्रं पाहिली आणि त्याला ग्राफिक आर्टकडे वळवलं. पुढे रोममध्ये संसार थाटला. पण शाळेत पोराला फॅसिस्ट गणवेश घालायची सक्ती झाली, तेव्हा १९३५ मध्ये त्याने इटली सोडली.

पुढच्याच वर्षी त्याने एका जहाज कंपनीशी सौदा केला. प्रवास फुकट, बदल्यात चित्रं. (भारी डील!) स्पेनच्या अलहम्ब्रा राजवाड्यात बायको येटाला घेऊन तो दिवसच्या दिवस भिंतींवरच्या टाइल्सचे नमुने उतरवत राहिला. तिथे नुसती भूमिती होती. याला त्या जागी मासे, पक्षी, सरडे हवे होते. युक्ती सांगायला सोपी आहे: चौकोनाच्या डाव्या कडेतून जो तुकडा कापाल, तोच जसाच्या तसा उजव्या कडेला जोडा. करायला मात्र घाम फुटतो, कारण एका पक्ष्याची पाठ हीच शेजारच्याचं पोट असते. एक रेघ हलवली की दोघंही बिघडतात.

भाऊ भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. ही चित्रं पाहून त्याने स्फटिकशास्त्रातले लेख सुचवले. त्यातल्या पोल्याच्या १९२४च्या लेखात सपाटीवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या नमुन्यांचे १७ प्रकार होते. गणित एशरच्या डोक्यावरून गेलं. आकृत्या मात्र त्याने सगळ्या वहीत उतरवून घेतल्या.

मग ठशांचा खेळ. एकच चौकोनी ठसा चार दिशांनी फिरवायचा, दोन बाय दोन मांडायचा आणि तोच गट पुन्हा पुन्हा छापायचा. एकूण मांडण्या २५६. त्यातले खरोखर वेगळे पॅटर्न किती? एशरने हाताने मोजले, २३. उत्तर बरोबर आहे. गणितात कच्चा म्हणे!

१९४४ मध्ये ज्यू असलेल्या मेस्किता सरांना नाझींनी पकडून नेलं. आउशवित्झला त्यांचा अंत झाला. एशर त्यांच्या घरी पोचला तेव्हा चित्रं विखुरलेली होती. जेवढी सापडली तेवढी त्याने वाचवली आणि युद्धानंतर त्यांच्या प्रदर्शनासाठी खटपट केली. बुटाचा ठसा उमटलेला एक कागद त्याने कायम जवळ ठेवला.

टाइल्सची चित्रं चालूच राहिली. एकूण १३७, प्रत्येकावर क्रमांक. शेवटचं चित्र १९७१चं, रॉजर पेनरोझने दिलेल्या लाकडी कोड्यावरून सुचलेलं. पुढच्या मार्चमध्ये एशर गेला.