हिरवळीचा राखणदार : टॉम मॉरिस

आमच्या धायरीच्या शेतकऱ्याला हरळीचे कौतुक नाही. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, पण शेतात शिरली की कुळवाच्या पाळ्या घालून, एकेक काशी वेचून ती काढावी लागते. माझे वडील मात्र हीच हरळी जोपासण्याचा पगार घेतात. ते एका गोल्फच्या मैदानावर माळी आहेत. उन्हाने आणि माणसांच्या पायांनी झिजलेल्या हिरवळीवर ते चाळलेली वाळू पसरतात. गवतावर वाळू कशासाठी, असे मी एकदा विचारले. वाळू टाकली की गवत धरते, एवढेच ते म्हणाले. हे प्रथम कोणाला सुचले, याचा शोध घेताना ग्रंथालयात माझी गाठ पडली ती टॉम मॉरिस या स्कॉटिश गृहस्थाशी.

मॉरिस यांचा जन्म १६ जून १८२१ रोजी स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील हातमागावर कापड विणीत. पोरवयातच टॉम अॅलन रॉबर्टसन या नामांकित खेळाडूच्या हाताखाली गोल्फचे चेंडू बनवू लागले. त्या काळी कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून चेंडू करीत. पुढे गटापर्चा या झाडाच्या चिकाचा स्वस्त चेंडू निघाला. रॉबर्टसन यांना त्यात आपला धंदा बुडताना दिसला. मॉरिस त्याच चेंडूने खेळले, तेव्हा दोघांचे बिनसले आणि मॉरिस यांची नोकरी गेली.

१८५१ साली ते पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे मैदानाचे राखणदार झाले. तेथे त्यांनी १२ होलचे मैदान आखले. १८६० साली त्याच मैदानावर ओपन स्पर्धा सुरू झाली. मॉरिस यांनी ती १८६१, १८६२, १८६४ व १८६७ अशी चार वेळा जिंकली. शेवटच्या विजयाच्या वेळी त्यांचे वय ४६ होते. त्या स्पर्धेला इतक्या वयाचा विजेता पुन्हा मिळालेला नाही.

परंतु मला त्यांचे मोठेपण दिसते ते त्यांच्या फावड्यात. १८६५ च्या सुमारास ते सेंट अँड्रूजच्या मैदानाची देखभाल करण्यासाठी गावी परतले. पगार वर्षाला ५० पौंड. हाताशी एक ढकलगाडी, फावडे, कुदळ आणि जड कामासाठी आठवड्यातून दोन दिवस एक मजूर! मैदान मात्र खेळणाऱ्यांच्या वर्दळीने झिजलेले. त्यातून तिकडचा हिवाळा. थंडीत गवताची वाढ थांबते. दव गोठलेल्या गवतावर पाऊल पडले की पाती आतून फुटतात आणि काळवंडतात. हिवाळ्यात झालेली जखम वसंतापर्यंत भरून येत नाही.

यावर मॉरिस यांना उपाय सापडला तो योगायोगाने. प्रेस्टविकला असताना एकदा वाळूची गाडी हिरवळीवर कलंडली आणि काही दिवसांनी तेथेच गवत दाट आले, असे सांगतात. तेव्हापासून वाळू पसरणे हा त्यांचा नेमच झाला. वाळूच्या पातळ थराने खाचखळगे भरतात, पाणी साचत नाही, उघडे पडलेले धुमारे झाकले जातात आणि त्यांना नवी मुळे फुटतात. वडिलांच्या त्या एका वाक्यामागे इतके शास्त्र होते!

पूर्वी एका होलात चेंडू गेला की त्याच्या अगदी जवळूनच पुढचा टोला मारीत. त्यामुळे नेमकी तिथली हिरवळ उखडे. टोला मारण्याची जागा वेगळी करण्याचे श्रेय मॉरिस यांना देतात. रविवारी मैदान बंद ठेवण्याबाबतही ते ठाम होते. धर्माचा दंडक होताच, पण माणसाप्रमाणे जमिनीलाही विसावा हवा, अशी त्यांची धारणा होती.

जमिनीला विसावा देणाऱ्या या माणसाला दैवाने मात्र तो दिला नाही. त्यांचा मुलगा धाकटा टॉम बापाहून सरस निघाला. १८६८ ते १८७२ या काळात त्यानेही ओपन चार वेळा जिंकली. सप्टेंबर १८७५ मध्ये बापलेक परगावी सामना खेळत असता सुनेची तब्येत बिघडल्याची तार आली. बाळंतपणात सून आणि बाळ दोघेही गेले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी मुलगाही गेला, अवघ्या २४ व्या वर्षी. पुढच्या वर्षी पत्नी वारली. आपल्या सगळ्या मुलांचे मरण मॉरिस यांना पाहावे लागले. तरीही १९०३ पर्यंत त्यांनी मैदानाची राखण सोडली नाही. २४ मे १९०८ रोजी क्लबच्या जिन्यावरून पडून त्यांचे निधन झाले. सेंट अँड्रूजच्या जुन्या मैदानावरील अठराव्या होलला आज त्यांचेच नाव आहे.

ही सारी हकिकत मी वडिलांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की तिकडे मैदान आठवड्यातून एक दिवस खरोखर बंद ठेवत होते का? मी हो म्हटले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

गेल्या वर्षी प्रवेशाच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी नुसते नोकरी असे लिहिले होते. माळी लिहायची मला लाज वाटली होती. यंदा द्वितीय वर्षाचा अर्ज भरताना मी त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात माळी असे लिहिले.