दगडधोंड्यांची प्रयोगशाळा

प्रयोगशाळा म्हटलं की आपल्याला आठवतो ऑसिलोस्कोप, आणि अपुरं राहिलेलं जर्नल! पण ज्याँ-आंरी फाब्र या फ्रेंच माणसाची प्रयोगशाळा म्हणजे चक्क अडीच एकराचं माळरान होतं.

फाब्रचा जन्म १८२३ चा, दक्षिण फ्रान्समधल्या एका गरीब घरातला. पुढे तो मास्तर झाला. पगार तुटपुंजा, खाणारी तोंडं बरीच. जोडधंदा म्हणून त्याने एका झाडाच्या मुळांतून लाल रंग काढायची पद्धत बसवली. पण १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग कृत्रिमरीत्या बनवला आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. त्यात मुलींनाही खुल्या असलेल्या वर्गात फुलांचं परागीभवन शिकवलं म्हणून गावातले सनातनी खवळले. १८७० च्या सुमारास नोकरी सुटली, राहतं घरही गेलं. १८७७ मध्ये तर फुलं-किडे शोधायला सोबत येणारा लाडका मुलगा ज्यूल कोवळ्या वयात गेला. काही गांधीलमाश्यांना फाब्रने त्याचं नाव दिलं.

अखेर १८७९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्याने सेरिन्याँ गावाजवळ ती जमीन घेतली. तिथे काही पिकत नव्हतं, म्हणून ती कुणालाच नको होती. फाब्रने तण तसंच वाढू दिलं. उन्हं तापू लागली की काटेरी झुडपं फुलायची आणि रानमाश्यांची झुंबड उडायची. कुणी देठावरची लव खरवडून कापूस न्यायची, कुणी पानाचे गोल तुकडे कापायची, आणि हा माणूस तासन् तास उन्हात पालथा पडून बघत राहायचा!

मे महिन्यात एकदा त्याच्या घरी मोठ्या मोरपतंगाची मादी कोशातून बाहेर आली. त्याने ती जाळीखाली ठेवली. रात्री चाळीसेक नर घरात घुसले! पुढे दुसऱ्या जातीची मादी त्याने काचेखाली, अगदी समोर ठेवली. नर तिच्याकडे ढुंकूनही न बघता, तिने रात्र काढलेल्या रिकाम्या जाळीवर जाऊन बसले. म्हणजे हे बोलावणं नजरेचं नव्हे, वासाचं. तेही आपल्या नाकाला न कळणाऱ्या. असा पहिला रासायनिक संदेश ओळखला गेला तो १९५९ मध्ये, रेशीमकिड्याच्या पतंगात.

डार्विनचा सिद्धांत फाब्रला कधी पटला नाही. तिथे तो चुकला. पण त्याच्या निरीक्षणाला खुद्द डार्विनही मानायचा. कीटकांवरच्या पुस्तकाचे दहा खंड लिहून १९१५ मध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी तो गेला.

मित्रांनो, आपल्या पार्किंगमागे घाणेरी फुललेली असते. तिथं किडेही असतात. तिकीट लागत नाही, सबमिशन तर नाहीच नाही!