अर्नाळकर आणि आईचा प्रश्न

आमच्या लाखनीत धानाची रोवणी आटोपली की बायांना जरा उसंत मिळायची. त्या दिवसांत बाबा वाचनालयातून एक पातळसं पुस्तक आणायचे. ते आधी मोठा भाऊ पळवायचा, मग मी दप्तरात लपवायची. आईची पाळी सगळ्यात शेवटी, रात्रीची भांडी झाल्यावर, मिणमिणत्या बल्बखाली. पुस्तकावर नाव असायचं बाबूराव अर्नाळकर.

मैत्रिणींनो, झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावं तुमच्यापैकी किती जणींना आठवतात? ती ज्यांच्या लेखणीतून उतरली त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म 9 जून 1906 चा, मुंबईतला. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवासही सोसला. आणि पुस्तकं किती लिहिली, तर हजारावर! मला हा एवढासा मजकूर लिहायचा तर दोनदा चहा लागतो. समीक्षकांनी त्यांना फारसं जवळ केलं नाही, पण ज्या घरात दुसरं पुस्तक शिरत नव्हतं तिथे अर्नाळकर शिरले. माझ्या चौथी शिकलेल्या आईला वाचायची गोडी त्यांनीच लावली, हे मी कधी विसरणार नाही.

पण आईचा एक प्रश्न असायचा. पहिल्या दोन पानांत जो मेला, त्याच्या लेकराबाळांचं पुढे काय झालं? झुंजार तर मोटारीतून भुर्रकन निघून जायचा, आम्हीही त्याच्या मागे. मेलेल्या माणसाचं काम एवढंच, की गोष्ट सुरू करून द्यायची. मी आईला हसायची. गोष्टच ती, त्यात कसली लेकरं!

बाबूरावांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्यांनी खुन्याला मखरात बसवलं नाही. थरार असायचा तो त्याला पकडणाऱ्याचा. पुस्तक घरात कुठेही पडलं तरी आईबापाला धास्ती नसायची. आता टीव्हीवर आणि मोबाईलवर एकामागून एक खून करणाऱ्या माणसाचं बालपण, त्याचं दुःख, त्याची हुशारी असं सगळं तासन् तास दाखवतात. त्याच्या हातून मेलेल्या बाईचा मात्र एक फोटो, तोही भिंतीवर टाचलेला.

खऱ्या आयुष्यातही तेच. मुंबईत 1968 मध्ये रामन राघवला पकडलं. फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गोरगरिबांना त्याने मारलं होतं. फाशीची शिक्षा झाली, पुढे मानसिक आजारामुळे ती जन्मठेपेवर आली आणि 1995 मध्ये तो आजारपणाने गेला. त्याच्यावर सिनेमे निघाले. पण त्या झोपलेल्यांपैकी एकाचं तरी नाव सांगता येईल का कुणाला? मला नाही येत.

मग पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरण. जानेवारी 1976 ते मार्च 1977, दहा खून, आणि करणारी कॉलेजची पोरं. काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे मोठे पंडित. उभा जन्म विद्येत घालवला, पण लोकांच्या तोंडी त्यांचं आडनाव राहिलं ते खुनाच्या खटल्याचं नाव म्हणून. त्या घरात पत्नी आणि नातवंडांबरोबर घरकामाची बाईही मारली गेली.

मी तेव्हा शाळेत होते. पेपर आला की भाऊ मोठ्याने वाचायचा आणि आम्ही पोरं खुनी कोण असेल याच्या पैजा लावायचो, अगदी धनंजयच्या थाटात. आई तांदूळ निवडत बसलेली. तिने त्या कामवाल्या बाईचं विचारलं. तिच्या घरी कोण होतं, संध्याकाळी तिची वाट कोण बघत असेल.

बाबूराव 5 जुलै 1996 ला गेले. त्यानंतर काही वर्षांनी आई गेली. आईच्या पेटीत त्यांची तीन पुस्तकं निघाली, कव्हर नसलेली. पण तिने विचारलं होतं ते मला भावाच्या त्या पेपरात सापडलं नव्हतं. दोनदा पाहिलं होतं मी.