सर अल्बर्ट हॉवर्ड आणि आमच्या रानातला काडीकचरा

इतिहास विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने शेतीशास्त्रज्ञाचे चरित्र का लिहावे, असे वाचकांना वाटेल. पण मी शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेजची पायरी चढलेला घरातला पहिलाच. ग्रंथालयात हॉवर्डसाहेबांविषयी वाचताना मला आमचेच रान दिसू लागले.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिजचे शिक्षण संपवून ते वेस्ट इंडीजमध्ये पिकांच्या रोगांचा अभ्यास करू लागले. तेथे एक गोष्ट त्यांच्या मनाला टोचत राहिली. शेतकऱ्याला उपाय सांगायचा, पण तो आधी स्वतः करून पाहायला हाताशी जमीन नाही! १९०५ साली ते बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले, तेव्हा जमीन मिळाली. आसपासच्या शेतकऱ्यांनाच त्यांनी गुरू मानले. पत्नी गॅब्रिएल यांच्यासह त्यांनी गव्हाचे सुधारित वाण काढले. बाई स्वतः केंब्रिजच्या संशोधक होत्या. त्यांचे श्रेय पुष्कळदा साहेबांच्याच नावावर जमा होते, हे मला पटत नाही.

१९२४ साली हे दांपत्य इंदूरला आले. होळकर दरबाराच्या ३०० एकर जमिनीवर तेथे कापसाची संशोधन संस्था उभी राहिली. कापूस निघाला की पळाट्या उरत, तुरीच्या तुऱ्हाट्या उरत. आपल्याकडे हे सारे चुलीत तरी जाते, नाहीतर बांधावर जळते.

आमचे वडील ज्वारीची धसकटे पेटवून देतात. एका वर्षी त्यांनी ती नांगरून गाडली आणि त्यावर गहू पेरला. गहू पिवळा पडला. उधारीवर युरियाची पोती आणावी लागली. तेव्हापासून काडीकचरा गाडण्यावरचा त्यांचा विश्वासच उडाला. उलट मूग-उडदाच्या बेवडावर गहू चांगला येतो, हे आमच्या गावात शाळेत न गेलेला माणूसही सांगेल.

याचे उत्तर मातीतल्या सूक्ष्म जिवांत आहे. काडी कुजवायची तर त्यांना कर्ब आणि नत्र दोन्ही लागतात. गव्हाच्या काडात नत्राचा एक भाग असेल तर कर्बाचे सुमारे ८० भाग असतात. मग कमी पडलेले नत्र हे जीव मातीतून उचलतात आणि वरचे पीक उपाशी राहते. ते नत्र नाहीसे होत नाही. जीव मेले की परत मिळते, पण तोवर गव्हाची भुकेची वेळ टळून गेलेली असते. मूग, हरभरा यांच्या पाल्यात आणि मुळांत नत्र भरपूर. जिवांची गरज भागून उरलेले जमिनीत सुटते आणि पुढच्या धान्याला लागते. अर्थात पहिल्याच हंगामात सगळे मिळत नाही. बहुधा चौथ्या हिश्श्याहूनही कमी मिळते, बाकीचे मातीच्या ठेवीत पडते.

हॉवर्डसाहेबांनी ही कुजण्याची ओढाताण शेताबाहेर, खड्ड्यात आटोपून घेतली. टणक पळाट्या ते गाडीवाटेवर पसरीत; बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या भुगा होत. मग तो भुगा इतर काडीकचऱ्यात मिसळून गुरांखाली अंथरायचा. नंतर शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांसह ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि अवघ्या दोन फूट खोल खड्ड्यात भरायचा. पाणी शिंपडायचे, हवा खेळती राहावी म्हणून तीन वेळा उलथापालथ करायची. तीन महिन्यांत खत तयार. खर्च म्हणाल तर मजुरीचा. ही मजुरी मात्र थोडी नाही. तीन वेळा खड्डा उपसणे म्हणजे काय, ते कुदळ हाती धरणाऱ्याने सांगावे.

१९३० साली गॅब्रिएलबाई वारल्या. पुढच्या वर्षी साहेब मायदेशी परतले. १९३४ साली त्यांना सर ही पदवी मिळाली आणि इंदूर पद्धत चहाकॉफीच्या मळ्यांपर्यंत देशोदेशी पोहोचली. उतारवयात ते रासायनिक खतांचे कट्टर विरोधक झाले. तेवढा कट्टरपणा मला परवडणारा नाही. पिवळ्या गव्हाला त्या वर्षी युरियानेच वाचवले. १९४७ च्या ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले.

इंदूर पद्धतीचे पुस्तक १९३१ साली निघाले. त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत. दुसरे नाव संस्थेत रसायनशास्त्राचे काम पाहणाऱ्या यशवंत वाड यांचे. काडीतले कर्ब-नत्र मोजण्याच्या कामात त्यांचा हात होता; पण साहेबांची चरित्रे चाळताना वाडांविषयी मला दोन ओळींपलीकडे काही सापडले नाही.