गांधीलमाशीचा जनक : फ्रेडरिक रेंट्श्लर

विमानाचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो तो वैमानिकांच्या नावांनी. अमेलिया इअरहार्टने १९३२ साली एकटीने अटलांटिक ओलांडला. वायली पोस्टने १९३३ साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. परंतु दोघांच्याही विमानांत एकाच जातीचे इंजिन होते, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याचे नाव ‘वास्प’, म्हणजे गांधीलमाशी. ज्याच्या हट्टापायी ते जन्मास आले, त्या फ्रेडरिक रेंट्श्लरचे चरित्र मला या उड्डाणांइतकेच मोलाचे वाटते.

रेंट्श्लरचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, हॅमिल्टन या गावी झाला. वडिलांचा ओतकामाचा कारखाना होता. १९०९ साली प्रिन्स्टन विद्यापीठाची पदवी घेऊन तो त्याच कारखान्यात कामाला लागला. पहिल्या महायुद्धात लष्कराने त्याला विमानाची इंजिने तपासण्याच्या कामावर नेमले, आणि तेथेच त्याला आयुष्याचा विषय सापडला. युद्धानंतर तो राइट एरोनॉटिकल या कंपनीचा प्रमुख झाला.

त्या काळची बहुतेक मोठी इंजिने पाण्याने थंड केली जात. पाणी, नळ्या आणि रेडिएटर यांचे ओझे विमानाने वाहायचे. एखादी नळी फुटली की इंजिन बंद! विमानवाहू जहाजांसाठी अमेरिकन आरमाराला हलके इंजिन हवे होते. चार्ल्स लॉरन्स हा अभियंता हवेने थंड होणारी इंजिने बनवीत असे. १९२३ साली रेंट्श्लरने त्याची लहानशी कंपनी विकत घेतली. आता त्याहून मोठे इंजिन करावे, असे त्याच्या मनात होते. परंतु संचालक मंडळात बँकवाल्यांचा भरणा. त्यांना नफा दिसत होता, संशोधनाचा खर्च नको होता. १९२४ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, रेंट्श्लरने अध्यक्षपद सोडले.

पुढल्या वर्षी तो हार्टफर्ड येथील प्रॅट अँड व्हिटनी या यंत्रहत्यारे बनविणाऱ्या कंपनीकडे गेला. तिच्यापाशी पैसा होता आणि रिकामी जागाही होती. त्या जागेत तंबाखू साठविलेली होती. ती हलवून १९२५ च्या जुलैत नवी कंपनी उभी राहिली. जॉर्ज मीड आणि अँडी विल्गूस हे जुने सहकारी येऊन मिळाले. नाताळच्या आदल्या दिवशी पहिले इंजिन तयार झाले! ‘वास्प’ हे नाव रेंट्श्लरच्या पत्नीने सुचविले.

त्याची रचना कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही समजेल अशी आहे. मधल्या दांड्याभोवती फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे नऊ सिलिंडर; प्रत्येकावर धातूच्या पातळ पट्ट्या. समोरून येणारा वारा या पट्ट्यांमधून खेळतो आणि उष्णता घेऊन जातो. वजन ६५० पौंडांच्या आत, शक्ती मात्र ४०० अश्वशक्तीहून अधिक. १९२६ साली आरमाराने २०० इंजिने मागविली. १९२७ पासून बोइंगच्या टपालविमानांत तेच बसले. पाण्याचे ओझे वाचले आणि तितकी टपाल जास्त मावू लागली. १९६० पर्यंत अशी सुमारे ३५ हजार इंजिने तयार झाली. आपल्या हवाई दलाच्या हार्वर्ड प्रशिक्षण विमानांत वास्पच होते, आणि २७ ऑक्टोबर १९४७ रोजी ज्या डाकोटा विमानांनी आपले जवान श्रीनगरला उतरविले, त्यांत त्याचे थोरले भावंड ‘ट्विन वास्प’.

या चरित्राला दुसरी बाजूही आहे. १९३४ साली अमेरिकन सिनेटच्या चौकशीत असे निघाले की, रेंट्श्लरच्या सुमारे २५३ डॉलरच्या गुंतवणुकीचे बाजारमूल्य १९२९ मध्ये साडेतीन कोटी डॉलरवर गेले होते. सरकारी मागणीवर वाढलेल्या धंद्यातील हा लाभ लोकांना खुपला. त्याच वर्षीच्या कायद्याने विमाने बनविणे आणि टपाल वाहणे हे धंदे वेगळे केले, आणि त्याच्या समूहाचे तीन तुकडे झाले. मला हा कायदा योग्य वाटतो. शोधाचे धाडस त्याचे होते. पण पहिली खात्रीची मागणी जनतेच्या पैशातून आली होती, आणि त्या पैशाचा हिशेब विचारण्याचा जनतेला अधिकार होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर जेट इंजिने आली. पिस्टन इंजिनांवर नाव कमावलेली त्याची कंपनी या शर्यतीत मागे होती. साठीकडे झुकलेल्या रेंट्श्लरने जुन्या यशाला कवटाळून न बसता पुन्हा संशोधनावर पैसा ओतला. त्यातून निघालेल्या ‘जे-५७’ इंजिनावर बी-५२ हे बाँबफेकी विमान उडाले. १९५६ च्या एप्रिलमध्ये त्याचे निधन झाले. ज्या खर्चासाठी त्याने १९२४ साली खुर्ची सोडली होती, तो खर्च स्वतःच्या कंपनीत त्याने अखेरपर्यंत थांबविला नाही. त्याचे मोठेपण मला यातच दिसते.